होडीला पाणी पाजावं लागतं

जाळं विणताना मला बोलायला लागतं. हात चालू आणि तोंड बंद, हे मला जमतच न्हाई. आमचे मालक म्हणायचे, "हिचं तोंड थांबलं की समजावं, गाठ चुकली." आता लिहायला बसले तर तसंच होणार, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लिहिणं मी शाळेत शिकले न्हाई. नव्वदच्या पुढं गावोगाव मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग निघाले, तिथं अक्षरं गिरवली. वाचन म्हणाल तर माशाच्या पाटीत घालायला रद्दी पेपर आणायचे, ते वाचून वाचून सवय झाली. त्यामुळं जगातल्या पुष्कळ बातम्या मला ठाऊक हायत, पण सगळ्या अर्ध्या. उरलेली अर्धी माशाला चिकटून गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली.

या अंकाच्या लोकांनी निरोप धाडला की, मावशी, तुमच्या धंद्यातल्या चार कामाच्या गोष्टी लिहा. गळ कसा करायचा, जाळं कसं विणायचं, होडी कशी सांभाळायची. मी म्हटलं, लिहिते की. माझी सून कांता बाजूला बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, होडीचं लिवाल तर सगळं लिवा. अर्धं नका ठेवू."

मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली मान घालून सोलतच राहिली. म्हणून सगळं लिहिते आहे.

आमचं गाव पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या कडेला. आमी भोई. बाप्ये पाण्यावर, बाया जाळ्यावर आणि बाजारात, अशी आमच्यात वाटणी. आता जाळ्याचं आधी सांगते, कारण ते माझ्या हातचं.

एका हातात बांबूची चपटी सुई, तिच्या पोटात दोरा भरलेला. दुसऱ्या हातात गुळगुळीत लाकडाची पट्टी. पट्टीवरून दोरा घ्यायचा, मागच्या डोळ्यातून सुई काढायची, अंगठ्यानं दाबून गाठ मारायची. जाळ्याच्या एकेका घराला आमी डोळा म्हणतो. पट्टी जेवढी रुंद तेवढा डोळा. नव्या माणसाला वाटतं, डोळा बारीक ठेवला तर मासा जास्त. एका साली तसा मिळतोही. पण मग पिलावळ सगळी निघून जाते आणि पुढच्या साली जाळं नुसतं धुऊन निघतं. डोळ्यातून पोराचा हात जाईल एवढी जागा ठेवावी. लहान मासा त्यातून गेला तर जाऊ द्यावा, मोठा होऊन तो आपल्याकडंच येणार हाय, त्याला दुसरं धरण कुठंय?

नायलॉनचं जाळं उन्हात वाळवू नये. सुती जाळ्याच्या काळातली माणसं अजून कुंपणावर टाकतात आणि मग म्हणतात, दोरा खराब निघाला. दोरा चांगला असतो, ऊन खातं त्याला. सावलीत, वाऱ्यावर टांगावं. उंदरापासून जपावं, माशाचा वास असला की उंदीर जाळ्याचं जेवण करतो. खालच्या अंगाला शिसं लावायचं, आधी आमी भाजलेल्या मातीचे मणी लावायचो. वरच्या अंगाला तरंगायला जुन्या स्लिपरांचे तुकडे. गावात कुणाची स्लिपर तुटली की ती आमच्याकडं यायची. एकदा शेजारचा एक जण तणतणत आला. म्हणाला, "पारूबाई, माझी डावी स्लिपर कुठंय? उजवी अजून चांगली हाय ना!" डावी तेव्हा धरणाच्या मधोमध तरंगत होती.

आणि माझी एक मिरवायची गोष्ट होती ती सांगते. माझी गाठ सुटायची न्हाई. दोरा तुटेल, पण गाठ सरकणार न्हाई. धरणातून वाहून आलेलं जाळं कुणाला सापडलं तर गाठ ओढून बघायचे आणि म्हणायचे, पारूबाईचं हाय, परत द्या. तीच ओळख, तेच नाव.

बाजार हट्ट्याचा, कधी औंढ्याचा. हट्ट्याला एक म्हातारबाबा दर बाजाराला यायचे, काठी टेकून पाटीपुढं उभे राहायचे आणि विचारायचे, "ताजा हाय का?"

"आजोबा, तुमच्यापेक्षा ताजा हाय."

"माझ्यापेक्षा तर चामड्याची चप्पल बी ताजी हाय. कल्ला दाव."

मी कल्ला उघडून दाखवायची. लाल असला की घ्यायचे, विटकरी झाला असला की काठीनं पाटी सरकवून पुढं जायचे. मासा घेताना डोळा बघा, कल्ला बघा, बोटानं पोट दाबून बघा. पोट दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर मावशी कितीही गोड बोलो, घेऊ नका. मी सुद्धा असले तरी.

आता गळाचं. आमच्या धरणात रोहू, कटला भरपूर, पण गळाला खरी मजा मरळीची. काळी, लांबुळकी, सापासारखं डोकं, अंगात रग. शेवाळाच्या कडेला, पाण्यात उभ्या बाभळीच्या बुडाशी दबा धरून बसते आणि वरून बेडूक चालला की झडप घालते. मालक जिवंत बेडूक लावायचे. हिंगोलीच्या बँकेतले एक साहेब सुट्टीच्या दिवशी हौसेनं मासे धरायला यायचे. त्यांच्याकडं घडीची काठी, चक्राला गुंडाळलेला दोरा आणि डबीत एक हिरवा रबरी बेडूक. मालक हसले. म्हणाले, "साहेब, मरळ काय लहान लेकरू हाय का, खेळणं बघून यायला?"

साहेबांनी बेडूक शेवाळापलीकडं फेकला, थांबत थांबत ओढला, आणि पाणी फुटलं. केवढी मरळ! मालक उठून उभे राहिले. मग त्यांनी तो बेडूक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावला. पुढच्या आठवड्यात आमच्या घरात एकही धड स्लिपर राहिली न्हाई. टाचेचा जाड भाग कापून, तापल्या सळईनं डोळे पाडून, मागं दोऱ्याचे दोन पाय लावून त्यांनी हवाई चपलेचे बेडूक केले. गळाचं टोक वर, पाठीला चिकटून, म्हणजे शेवाळात अडकत न्हाई. साहेबांना एक भेट दिला. ते म्हणाले, "आबा, माझ्यापेक्षा तुमचा चांगला पोहतो." ते खोटं बोलले असतील, पण मालक आठवडाभर खूश होते. मालकांची युक्ती अशी: खऱ्या बेडकावर मरळ आली की जरा दम धरावा, तिला गिळू द्यावं. रबरावर दम धरू नये. तिला लबाडी लगेच कळते, थुंकून टाकते.

एक मात्र ते करायचे न्हाईत. मरळीची पिल्लं जन्मली की लालसर घोळका करून पाण्याच्या वर येतात, उकळी फुटल्यासारखं पाणी हलतं. खाली आईबाप राखण करत फिरत असतात. तिथं काहीही टाका, ती मरळ धावून येणारच, भूक असो नसो. धरायला सगळ्यात सोपी. मालक त्या घोळक्यावरून होडी वळवून घ्यायचे. "लेकुरवाळीवर गळ टाकू न्हाई," एवढंच म्हणायचे. आमचा लेक बालाजी तेव्हा लहान, होडीच्या टोकाला बसून ओरडायचा, "आबा, बघा, लेकुरवाळी!" आणि होडी वळायची.

आता होडी.

आमची होडी मालकांनी स्वतः बांधली होती. सागाच्या फळ्या, बाभळीचे वाकडे आडवे वासे, लोखंडी खिळे. वर्षाला एकदा तिची सगळी सेवा. पाण्याबाहेर काढून पालथी करायची. शेवाळ, जुनं डांबर खरवडायचं. फळी-फळीच्या मधल्या फटीत जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या डांबरात भिजवून पटाशीनं ठोकून बसवायच्या. नवं सिंथेटिकचं पातळ चालत न्हाई, ते पाणी पीत न्हाई. मग वरून गरम डांबराचा हात. आणि मग सगळ्यात शेवटचं, सगळ्यात मोठं काम: होडीला पाणी पाजायचं.

हे नव्या माणसाला कळत न्हाई म्हणून उकलून सांगते. लाकूड कोरडं पडलं की आक्रसतं. फळ्यांच्या फटी रुंदावतात. वरून डांबर लावलं की फट झाकते, मिटत न्हाई. लाकडानं पोटभर पाणी प्यायलं की ते फुगतं, फळी फळीला भिडते आणि मग फट खरी मिटते. म्हणून होडी उथळ पाण्यात न्यायची, आत दगड भरायचे आणि काठाशीच बुडवून ठेवायची. नाहीतर काठावर सुलटी ठेवून आत पाणी ओतत राहायचं. आधी खालून धारा लागतात. मग ठिबकते. ठिबकणं थांबलं की होडी प्यायली. याला आमी म्हणतो, होडीला पाणी पाजणं. तान्ह्या लेकराला पाजतात तसंच.

बँकेतले साहेब एकदा घरी आले. बालाजी अंगणात खेळत होता. त्यांनी विचारलं, "आबा कुठंयत रे?"

"होडीला पाणी पाजून राहिलेत."

साहेब मला म्हणाले, "मावशी, म्हैस घेतली का? नाव छान ठेवलंय." मी हसून हसून खाली बसले. मग कितीतरी दिवस आमच्या घरात तोच विनोद. मालक टोपी घालून निघाले की मी विचारायची, "कुठं निघालात? म्हशीला पाजायला?"

हसले तेव्हा.

दोन हजाराच्या पुढं दोन-तीन वर्षं फार कोरडी गेली. धरण आटत आटत मधल्या खड्ड्यावर आलं. जिथं आमी होडी वल्हवायचो तिथं भेगाळलेल्या गाळात मेंढरं बसायला लागली. तांड्यावरची माणसं तिथं हरभरा पेरून गेली, पिकला बी चांगला. आमची होडी घरामागं बोरीखाली पालथी पडली. बालाजी तेव्हा तरणाताठा झालेला. तो पुण्याकडं बांधकामावर गेला. मधेच येऊन लग्न करून गेला. कांता आमच्या घरी आली ती त्याच दिवसांत.

कांताचं माहेर कळमनुरीकडचं. तिचे वडील बी भोईच, पण त्यांची फुटाण्याची भट्टी. तिला वाळू किती तापली की हरभरा फुटतो ते ठाऊक, पाण्याचं काही ठाऊक न्हाई. तिनं आमचं धरण भरलेलं पाहिलंच नव्हतं. मी तिला सुई-पट्टी हातात दिली, तर महिनाभरात गाठ शिकली. पण होडीचं काय शिकवणार? होडी म्हणजे तिला ऊन खाणारं एक पालथं लाकूड. ती त्यावर पापड वाळत घालायची.

त्या कोरड्या दिवसांतच मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय, तोंड. बोलणारा माणूस मुका झाला. पुष्कळ दिवसांनी काही शब्द परत आले. 'पाणी' आला. 'हं' आला. 'पारू' कधी यायचा, कधी यायचा न्हाई. कांतानं त्यांची फार सेवा केली. हात उचलत न्हाई म्हणून तीच मान वर धरून तांब्या तोंडाला लावायची. "मामंजी, पाणी पाजू का?" असं विचारायची. त्यामुळं 'पाज' हा शब्द बी त्यांच्या जिभेवर बसला.

मग एका साली वर चांगलं पाणी झालं आणि वरच्या येलदरी धरणातून आमच्या धरणात पाणी आलं. रोज काठ थोडा थोडा गावाकडं सरकायला लागला. बालाजीला कळलं तसा तो काम सोडून आला. त्याचा आनंद काय सांगू! आल्या आल्या होडीवरचे पापड उचलून कांताच्या हातात दिले. "ही काय बाज हाय का तुझी? लक्ष्मी हाय ती."

फटीत चिंध्या ठोकल्या, डांबर आणून उकळलं, चांगला जाड हात मारला. मालकांची बाज त्यानं मागच्या दारात आणून ठेवली होती, त्यांना दिसावं म्हणून. डांबराचा वास गेला तशी मालकांची नाकपुडी फुलली. डोळे लकाकले.

"आबा, बघा कशी चकाकून राहिली! मुंबईचं जहाज दिसून राहिलं की न्हाई?"

"हं," मालक म्हणाले. "हं, हं."

मला जाळ्यासाठी दोरा आणायला वसमतला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बालाजी म्हणाला, "माय, तू दोरा घेऊन ये. मी होडी पाण्यावर नेतो."

"ने," मी म्हटलं.

पाण्यावर नेतो म्हणजे पाजायला नेतो, असं मी धरलं. इतक्या वर्षांत डांबरानंतरचं पाण्यावर नेणं म्हणजे तेच. त्याच्या डोक्यात निराळं होतं. त्यानं लहानपणी जे पाजणं पाहिलं होतं ते दरसालच्या ओल्या होडीचं. एखादा दिवस काठाशी बुडवली की झालं. इतकी वाळलेली होडी त्यानं कधी पाहिली नव्हती, तशी आमीही पाहिली नव्हती. डांबर जाड लागलं, एक बी फट दिसत न्हाई, मग कशाला थांबायचं? आणि पाणी नवं, पलीकडच्या अंगाला मरळ उठायला लागली होती. बाकीच्यांच्या होड्या कधीच गेल्या होत्या.

दुपार कलताना मी वसमतहून परतले. दोऱ्याचं गाठोडं डोक्यावर. कांता दारातच उभी. तिचा पदर ओला, हात ओले.

"आत्याबाई, बरं झालं आल्या. मामंजी सकाळपासून नुसतं 'पाणी पाज, पाणी पाज' करून राहिलेत. तांब्यावर तांबे झाले. तोंडाला लावलं की मान फिरवतात, थुंकून टाकतात, अन पुन्हा तेच. तहान हाय तर पीत काहून न्हाईत? आता तर रडून राहिलेत. मला काही उमगंना."

गाठोडं माझ्या डोक्यावरून कधी पडलं ते कळलं न्हाई. मी मागच्या दाराशी गेले. बाजेवर मालक, उशी चिंब, छाती चिंब. डावा हात बोरीकडं केलेला. बोरीखाली होडीच्या आकाराचं पिवळं गवत.

"बालाजी कुठंय?"

"ते सकाळीच गेले. जाळं घेऊन, वल्हं घेऊन. चौघांनी होडी उचलून नेली," कांता म्हणाली. "मामंजी तेव्हापासूनच असं..."

मी धावत काठावर गेले. तोवर लोकांच्या होड्या परत फिरल्या होत्या. एक जण म्हणाला, बालाजी बाभळीच्या पलीकडं होता, मघा तर दिसला. दोघं-तिघं लगेच निघाले. मी पाण्यात गुडघाभर उभी राहून हाका मारत होते. समोर पाणी इतकं शांत, की त्याला कसली लाजच न्हाई.

आधी वल्हं सापडलं. मग स्लिपरांचे तुकडे दिसले, रांगेनं तरंगताना. निळे, पांढरे, एक लाल. त्या जाळ्यात तो गुंतला होता. पोहणं त्याला चालण्याआधी आलेलं. होडी भरली तरी तो आला असता. पण होडी बुडताना जाळं पायात आलं. ज्यांनी त्याला वर आणलं त्यांनी चाकूनं जाळं कापलं. गाठी सुटत नव्हत्या म्हणाले.

याहून जास्त त्या दिवसाचं मी लिहीत न्हाई.

मालकांना कुणी काही सांगितलं न्हाई, सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्या दिवसापासून 'पाणी' हा शब्द पुन्हा उच्चारला न्हाई. 'पारू' म्हणायचे, 'हं' म्हणायचे. तहान लागली की डाव्या हाताच्या नखानं तांब्यावर टिचकी मारायचे. टिक, टिक. कांता धावत जायची, मान वर धरायची, ते प्यायचे आणि तिच्याकडं बघत राहायचे. तिच्यावर राग नव्हता त्या बघण्यात. मी पुष्कळ वेळा निरखून पाहिलं, राग नव्हता. पुढच्या पाडव्याच्या आत ते गेले.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तशी बाभळीच्या पलीकडं होडी गाळात उघडी पडली. भावकीतल्या लोकांनी ओढून आणली, गाळ काढला, काठाशी पाण्यावर ठेवून पाहिली. एक थेंब आत आला न्हाई. इतके दिवस बुडून राहिली, पोटभर प्यायली, फळी फळीला भिडून बसली होती. लोक म्हणाले, "पारूबाई, होडी एकदम बराबर हाय. वापरा कुणीतरी." मी म्हटलं, बोरीखाली पालथी ठेवा.

कांताचे भाऊ तिला न्यायला आले होते. तरणी पोर, लेकरू न्हाई बाळ न्हाई, दुसरं घर बघू म्हणाले. मी बी म्हटलं, जा. ती म्हणाली, "भट्टीची धग आता मला सोसत न्हाई," आणि सुई-पट्टी घेऊन ओसरीवर बसली. ती आजतागायत. तिची गाठ आता माझ्यापेक्षा चांगली हाय. पण एक सांगते, त्यानंतर मी जी जाळी विणली त्यांच्या गाठी मी कधी अभिमानानं ओढून पाहिल्या न्हाईत. आणि जाळं न्यायला येईल त्याला आमी दोघी एकच विचारतो, "कमरेला चाकू हाय का?" तो नसला तर जाळं देत न्हाई. ही बी धंद्यातली एक गोष्ट समजा, लिहून ठेवा: जाळ्याबरोबर चाकू.

कांता कधी कधी म्हणायची, "आत्याबाई, मामंजींना त्या दिवशी आधीच कळलं होतं. त्यांना समोर पाणी दिसून राहिलं होतं, म्हणून पाणी-पाणी करत होते." देवाधर्माचं काहीतरी असावं असं तिला वाटायचं. मी "व्हय बाई" म्हणायची. होडी पालथी होती, घरात कुणी पाण्यावर जाणारं उरलं नव्हतं, 'होडीला पाजणं' हा शब्द आमच्या घरात पुन्हा निघायचं कारणच नव्हतं. कितीतरी वर्षं मी तो निघू दिला न्हाई. माझ्यासारख्या बोलकीला ते किती जड गेलं असेल, तुमीच समजा.

मग भावकीतला ज्ञानू आला. नवीनच धंद्यात पडलेला. आमी दोघी ओसरीवर एकाच जाळ्याच्या दोन टोकांना बसून विणत होतो.

"काकू, होडी नुसती पडून सडून राहिली. मला द्या ना. मी राखीन."

मी विणता विणता बोलत होते, नेहमीसारखी. "ने बाबा. सागाची हाय, सडत न्हाई. तुझ्या काकांच्या हातची हाय. पण तशीच पाण्यावर घालू नको. लई वाळलीय. डांबर मारशील अन मिरवशील. आधी तिला चांगलं पाणी पाज..."

जाळ्याच्या पलीकडच्या टोकाची ओढ थांबली.

कांताची सुई डोळ्यात अर्धी आत, अर्धी बाहेर. ज्ञानू आपला खुशीत होडी बघायला मागं गेला.

"आत्याबाई, होडीला काय करायचं म्हणाल्या?"

"काही न्हाई गं. पाण्यात भिजवायची."

"न्हाई. तुमी म्हणाल्या, पाणी पाज."

मला काहीतरी बोलायचं होतं. म्हणायचं होतं की, तसा शब्द हाय, पण त्या दिवशी त्यांना तहानच लागली होती, आजारी माणसाचं काही खरं नसतं, तुझा काय संबंध. सगळं तोंडाशी आलं. हात आपोआप चालत होता, आणि तोंडातून अक्षर निघत नव्हतं.

कांता माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आत्याबाई, तुमचं तोंड थांबलंय."

मी हातातली गाठ पाहिली. चुकली होती.

ती रडली न्हाई. सुई काढून नीट दोऱ्यात खोचून ठेवली. उठली, घागर घेतली आणि हापशावर गेली. ज्ञानूला म्हणाली, "भावजी, सुलटी करा होडी. खाली दगड द्या." त्यानं केली. तिनं घागर होडीत ओतली. पाणी जसं ओतलं तसं खालच्या फटींतून धारांनी बाहेर आलं. ती परत हापशावर. ज्ञानू म्हणाला, "वहिनी, धरणात नेऊन बुडवली तर आपोआप पिईल की. काहून मरून राहिल्या?" तिनं घागर पुन्हा हापशाखाली धरली. मी दुसरी घागर घेतली. माझे गुडघे तेव्हाच गेलेले, मी अर्धी अर्धी आणायची. ती भरून आणायची. शेजारच्या बाया बघायला आल्या, एक-दोघींनी विचारलं, कांताकडं पाहून आपापल्या घरी वळल्या.

अंधार पडेतो आमी ओतत होतो. दुसऱ्या दिवशी उठले तर ती माझ्याआधी हापशावर. धारा बारीक झाल्या. मग ठिबकायला लागलं. कांता खाली वाकून एकेक फट बघायची आणि पुन्हा जायची.

तर होडी सांभाळायची गोष्ट ही अशी हाय. चिंध्या सुती घ्याव्या, डांबर गरम मारावं, पाणी पाजावं. आणि घरात नवं माणूस आलं की होडी कोरडी असली, धरण आटलेलं असलं तरी, त्याला आपल्या धंद्याचे शब्द आधी शिकवावेत. भाकरी-कालवण मागून.

ज्ञानू होडी न्यायला आला त्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती. कांतानं फळीखाली हात घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवत नेला, लेकराच्या अंगाखालचं दुपटं चाचपतात तसा. मग हात बाहेर काढून माझ्यापुढं धरला.

"कोरडा हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "प्यायली."